यकृतवाल्या शीलाबाई

स्मरणिकेत ज्याने त्याने आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या एका दिवंगत व्यक्तीबद्दल लिहायचं असं ठरलं, तेव्हा मी शीला शेरलॉक हे नाव कळवलं. ग्रुपवर लगेच विचारणा झाली, ही शेरलॉक होम्सची बहीण का? नाही. होम्स गोष्टीतला, या बाई खऱ्या. लंडनमध्ये डॉक्टर होत्या. यकृत या एकाच अवयवामागे त्यांनी जवळजवळ साठ वर्षं घालवली. आज आपल्याला लिव्हर स्पेशालिस्ट नावाचा वेगळा डॉक्टर भेटतो, त्यामागे ज्या मोजक्या माणसांचे कष्ट आहेत त्यांत यांचं नाव अगदी वर येतं.

शीला हे नाव आपल्या बाकावरच्या कुणाचंही असू शकलं असतं, पण इथे ते आयरिश आहे. आपल्याला शिकवणाऱ्या सगळ्याजणी आपल्यासाठी बाईच होत्या, तेव्हा यांनाही मी शीलाबाईच म्हणणार आहे. माझी त्यांच्याशी गाठ पडली ती आईच्या आजारपणामुळे. ते पुढे येईलच. आधी काविळीबद्दल थोडं.

आपण शाळेत असताना दर पावसाळ्यात वर्गातल्या एकदोघांना कावीळ व्हायचीच. डोळे पिवळे, महिनाभर रजा, तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. कुणाच्या गळ्यात काविळीची माळ असायची, कुणी नाकात औषधाचे थेंब घालून आलेला असायचा, एखाद्याच्या हातावर डाग दिल्याची खूण दिसायची. महिन्याभराने तो ठणठणीत होऊन वर्गात यायचा आणि श्रेय माळेला मिळायचं. पाण्यातून मुलांना होणारी ही कावीळ बहुतेक वेळा हेपटायटिस ए या विषाणूची असते आणि ती माळेशिवायही बरी होते, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या डोक्यात पक्कं बसलं ते एवढंच, की कावीळ नावाचा एक आजार असतो.

खरं म्हणजे कावीळ हा आजारच नाही. ताप जसा अनेक आजारांत येतो, तशी ती एक खूण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते उचलून पित्तातून आतड्यात सोडतं. पेशीच भराभर मोडायला लागल्या, किंवा यकृताला सूज आली, किंवा पित्ताची नळी खड्याने अगर गाठीने तुंबली, तर तिन्ही वेळा डोळे सारखेच पिवळे दिसतात. उपाय मात्र तीन वेगळे. नळी तुंबली असेल तर त्या काळात पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता. आणि यकृत विषाणूने सुजलेलं असताना चुकून पोट उघडलं, तर रोगी टेबलावरून उठेलच याची खात्री नसे. म्हणजे कावीळ कुठली हे ओळखण्यावर जीव अवलंबून होता, आणि ओळखण्याची साधनं काय? पोट चाचपायचं, लघवीचा रंग विचारायचा, रक्ताच्या चार ढोबळ तपासण्या करायच्या आणि वाट पाहायची.

शीलाबाईंचा जन्म ३१ मार्च १९१८ चा, डब्लिनचा. वडील लष्करात अधिकारी. कुटुंब लवकरच इंग्लंडला आलं आणि त्यांचं शिक्षण फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी, मुलींच्या शाळेत झालं. डॉक्टर व्हायचं म्हणून १९३५-३६ मध्ये त्यांनी लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रयत्न केले, पण तिथे मुलग्यांना प्राधान्य होतं. जागा मिळाली नाही. शेवटी १९३६ मध्ये एडिंबराने त्यांना घेतलं.

एडिंबराचं नाव आल्यावर मुंबईकरांना एक गोष्ट सांगायलाच हवी. याच विद्यापीठात १८६९ मध्ये सात मुलींनी वैद्यकीला प्रवेश मिळवला होता. त्यांच्या परीक्षेच्या दिवशी रस्त्यावर दंगल झाली, आणि इतकं सोसूनही विद्यापीठाने त्यांच्या हयातीत त्यांना पदवी दिली नाही ती नाहीच. त्या सातांपैकी एडिथ पीची पुढे मुंबईला आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. दुसऱ्या सोफिया जेक्स-ब्लेक यांनी लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा काढण्यात पुढाकार घेतला. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

तर त्या एडिंबरातून शीलाबाई १९४१ मध्ये वर्गात पहिल्या येऊन बाहेर पडल्या. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला मिळणारी एटल्स शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या केवळ दुसऱ्या स्त्री. शस्त्रक्रियेचे प्राध्यापक जेम्स लर्मंथ यांनी त्यांना हाताशी घेतलं, संशोधन कसं करायचं आणि मुख्य म्हणजे ते कसं लिहायचं हे शिकवलं. बाईंच्या पुढच्या लिखाणाचा सुटसुटीतपणा पाहिला की या शिकवणीचं मोल कळतं.

१९४२ मध्ये त्या लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात जॉन मॅकमायकेल यांच्या हाताखाली रुजू झाल्या. महायुद्ध ऐन भरात होतं आणि सैन्याला काविळीने बेजार केलं होतं. छावण्यांतून साथी येत होत्या. शिवाय दोन विचित्र प्रकार दिसत होते. गुप्तरोगासाठी सोमलाची इंजेक्शनं घेणाऱ्या रोग्यांना काही आठवड्यांनी कावीळ होत होती, आणि १९४२ मध्येच पीतज्वराची लस टोचलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना ती झाली. सोमलाचा दोष, लशीचा दोष, की आणखी काही, याचा कुणाला पत्ता नव्हता.

आता मुख्य अडचण पाहा. यकृतात काय बिघडलंय हे पाहायचं तर यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हवा, आणि तो मिळायचा शवविच्छेदनात. साधी कावीळ झालेली माणसं तर बरी होऊन घरी जात, म्हणजे त्यांचं यकृत पाहायला मिळतच नसे. जी दगावत त्यांचं यकृत पाहायला मिळे, पण मृत्यूनंतर यकृताच्या पेशी फार लवकर विरघळू लागतात. आमच्या धंद्यातलं उदाहरण देते, सर-बाईंनी चालवून घ्यावं. सिस्टिम बंद पडल्यावर उरलेल्या नोंदींवरून बिघाड शोधणं आणि सिस्टिम चालू असताना आत डोकावणं यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. मेलेली सिस्टिम शेवटचा धक्का दाखवते, सुरुवात कुठून झाली ते सांगत नाही. यकृताच्या बाबतीत डॉक्टर शतकभर हेच करत होते. जर्मनीचे थोर विकृतिशास्त्रज्ञ फिरशो यांनी साध्या काविळीचं कारण सांगितलं होतं ते असं, की पित्तनलिकेच्या तोंडाशी शेंबडासारखा बोळा अडकतो. नाव मोठं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलं गेलं.

१९३९ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी जिवंत माणसाच्या यकृतात सुई घालून तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मॅकमायकेल यांनी ती उचलली आणि शीलाबाईंच्या हाती सोपवली. रोग्याला उताणं झोपवायचं, उजव्या बरगड्यांच्या मधली जागा बधिर करायची, श्वास रोखून धरायला सांगायचं आणि आजच्यापेक्षा बरीच जाड असलेली सुई आत घालून बाहेर काढायची. सुईत दोऱ्याएवढा तुकडा येतो. यकृत रक्ताने भरलेला अवयव आहे. रोग्याने मध्येच श्वास घेतला तर ते फाटू शकतं आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सोनोग्राफीसारखं वाट दाखवणारं काही तेव्हा नव्हतं. बोटांनी ठोकून येणाऱ्या आवाजावरून यकृत कुठे आहे ते ठरवायचं. क्षणभरात काम उरकणारी मेंघिनी यांची सुई यायला अजून १९५८ साल उजाडायचं होतं. पंचविशीतल्या या बाईंनी हे काम करायला घेतलं आणि त्यात हातखंडा मिळवला.

विकृतिशास्त्रज्ञ डिबल, मॅकमायकेल आणि शेरलॉक या तिघांचा निबंध १९४३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात दोन गोष्टी होत्या. बोळा वगैरे काही नव्हता. सूज थेट यकृताच्या पेशींना होती. आणि साथीची कावीळ, सोमलाच्या इंजेक्शननंतरची कावीळ आणि रक्तद्रवातून आलेली कावीळ या तिघींत यकृताचं चित्र सारखंच दिसत होतं. नीट न उकळलेल्या सिरिंजमधून एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जात होतं, सोमल बिचारा निर्दोष होता, हे त्या काळातल्या संशोधनातून हळूहळू पुढे आलं. पीतज्वराच्या लशीतही माणसाचा रक्तद्रव मिसळलेला होता. तो विषाणू हेपटायटिस बी चा होता हे १९८७ मध्ये, त्या म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांचं रक्त तपासून नक्की झालं. पंचेचाळीस वर्षांनी! बिघाडाचं मूळ इतक्या उशिरा सापडूनही कुणीतरी ते शोधत राहिलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

इथे एक नकोशी गोष्टही सांगते, कारण चरित्रं लिहिताना आपण ती गाळतो. त्या काळात रोग्यांना सगळं समजावून लेखी संमती घेण्याची पद्धत आजच्यासारखी नव्हती. मॉरिस पॅपवर्थ या लंडनच्याच डॉक्टरांनी १९६७ मध्ये ह्यूमन गिनी पिग्ज हे पुस्तक लिहून इस्पितळांतल्या रोग्यांवर होणाऱ्या प्रयोगांवर कडक टीका केली. त्यात हॅमरस्मिथमधले प्रयोगही होते. टीकेमुळे पॅपवर्थ यांनाच व्यवसायबंधूंचा रोष पत्करावा लागला, पण पुढे संशोधनासाठी नैतिक समित्या आल्या त्यात त्यांचा वाटा मानला जातो. मला स्वतःला वाटतं की पॅपवर्थ यांचं बरोबर होतं. आणि त्या सुईशिवाय काविळीचं कोडं सुटलं नसतं हेही खरं. माझ्याकडे या दोन वाक्यांना जोडणारं तिसरं वाक्य नाही.

मधली वर्षं भराभर सांगते. १९४५ मध्ये याच बायॉप्सीच्या कामावर एडिंबराची एमडी, सुवर्णपदकासह. १९४७ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत येल विद्यापीठात. परतल्यावर १९४८ मध्ये, तिसाव्या वर्षी, हॅमरस्मिथमध्ये व्याख्याता आणि कन्सल्टंट. १९५१ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या फेलो, तोवरच्या सर्वांत तरुण स्त्री फेलो. त्याच डिसेंबरात डॉक्टर जेरेंट जेम्स यांच्याशी लग्न. तेही त्यांच्या क्षेत्रात, म्हणजे सार्कॉइडोसिस या आजारात, नामवंत. पुढे दोन मुली झाल्या. घरी त्या मिसेस जेम्स आणि कामावर शेरलॉकच राहिल्या.

१९५४ चं एक काम मात्र थांबून सांगण्यासारखं आहे. सिरॉसिस झालेले, म्हणजे यकृत कडक आणि गाठाळ झालेले रोगी कधीकधी भलतंच बोलू लागतात, दिवसा झोपतात, हात पुढे करायला सांगितले तर पंख फडफडल्यासारखे हात हलतात. शेवटी बेशुद्धी. ही अखेरची घंटा असंच मानलं जाई. शीलाबाई, समरस्किल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की आतड्यातून येणारं रक्त, ज्यात प्रथिनं पचताना झालेली नायट्रोजनयुक्त द्रव्यं असतात, ते अशा रोग्यांत यकृताला वळसा घालून थेट पुढे जातं आणि मेंदूला बाधतं. म्हणजे हा मेंदूचा वेगळा रोग नव्हे. गंमत अशी की त्या वेळी यकृताच्या रोग्यांना भरपूर प्रथिनं खाऊ घालण्याचीच पद्धत होती. या रोग्यांचं प्रथिन कमी केलं, आतड्यातले जंतू आटोक्यात ठेवायला अँटिबायोटिक दिलं, की वेड्यासारखं बोलणारा माणूस शुद्धीवर येऊन घरच्यांना ओळखू लागे. आज डॉक्टर प्रथिनं अशी तोडत नाहीत, औषधं बदललीत. पण हे परतवता येतं, ही गोष्ट तेव्हा कळली.

दुसऱ्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्यांचं यकृत आणि पित्तमार्गाच्या आजारांवरचं पाठ्यपुस्तक आलं. अशी पुस्तकं सहसा वीसपंचवीस लेखकांकडून एकेक प्रकरण मागवून होतात. बाईंनी ते एकटीने लिहिलं आणि पुढची कित्येक दशकं एकटीनेच दर काही वर्षांनी नवं केलं. १९९३ च्या नवव्या आवृत्तीपासून जेम्स डूली हे त्यांचे सहलेखक झाले. ज्याने एखादी मोठी प्रणाली अनेक वर्षं सांभाळली आहे त्याला कळेल की नवं लिहिणं सोपं. आपलंच जुनं चुकीचं ठरलेलं काढून टाकणं अवघड.

१९५९ मध्ये त्या लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत मेडिसिनच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमधली ही पहिली स्त्री. मघाशी जेक्स-ब्लेक यांनी सुरू केलेली शाळा म्हटली ती हीच. १८७४ मध्ये ती निघाली, १८७७ पासून तिच्या विद्यार्थिनी रॉयल फ्रीमध्ये रोगी पाहू लागल्या. आपल्या रखमाबाई, ज्यांनी बालपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात लढा दिला आणि साऱ्या मुंबईत वादळ उठवलं, त्या पीचीबाईंच्या पाठिंब्याने १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि याच शाळेत शिकून डॉक्टर झाल्या. शीलाबाईंना हे माहीत होतं की नव्हतं याने काही बिघडत नाही. मला मात्र हे कळल्यावर त्या एकदम ओळखीच्या वाटू लागल्या.

नव्या विभागाला जागा मिळाली ती तात्पुरत्या उभारलेल्या लाकडी खोल्यांत. हॅम्पस्टेडच्या नव्या इमारतीत जायला १९७४ साल उजाडलं. पण त्या लाकडी खोल्यांत जगभरातून डॉक्टर शिकायला येत, आणि परत गेल्यावर आपापल्या देशात यकृताचे विभाग काढत.

आता आई. साठी ओलांडल्यावर तिच्या अंगाला खाज सुटू लागली. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज, आणि रात्री जास्त. एका डॉक्टरांनी मलम दिलं, दुसऱ्यांनी साबण बदलायला सांगितला, तिसऱ्यांनी वय झालं, मन शांत ठेवा म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. ती सतत थकलेली असायची, त्याचं खापर आम्ही घरकामावर फोडत होतो. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. मग एका तरुण डॉक्टर मुलीने खाजेचं ऐकल्याबरोबर त्वचा बाजूला ठेवून यकृताच्या तपासण्या करायला सांगितल्या. त्यातला एक आकडा, अल्कलाइन फॉस्फटेज, बराच वाढलेला निघाला. तिने आणखी एक रक्ततपासणी सांगितली, अँटिमायटोकाँड्रियल अँटिबॉडी. चार दिवसांनी निदान हातात होतं. ना सुई, ना शस्त्रक्रिया.

या आजाराला आता प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस म्हणतात. २०१५ पर्यंत नावात सिरॉसिस होता. तो शब्द ऐकला की लोक दारूचा संशय घेत, आणि हा आजार होणाऱ्या दहांपैकी नऊ जणी स्त्रिया, बहुतेक मध्यमवयीन. शरीराची संरक्षणव्यवस्थाच यकृतातल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट करते. पित्त आत साठतं. खाज आणि थकवा आधी येतो, कावीळ कितीतरी वर्षांनी. १९५० च्या दशकात अशा बायका पिवळ्या होऊन यायच्या तेव्हा नळी तुंबली असं समजून त्यांची पोटं उघडली जात, आणि आत खडा नसे. शीलाबाईंनी अशा रोग्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि १९५९ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात त्वचेवरच्या खाजेला मानसिक ठरवून सोडून दिलेलं नाही, ती रोगाची पहिली खूण म्हणून मांडली आहे.

पण तपासणी? त्यासाठी त्यांनी दुसरीकडे मदत मागितली. मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेबोरा डोनियाक आणि इव्हान रॉइट थायरॉइडच्या आजारात शरीर स्वतःवरच कसं उलटतं यावर काम करत होते. त्यांची रीत अशी: अवयवाच्या पातळ कापावर रोग्याचा रक्तद्रव टाकायचा, मग चमकणारा रंग जोडलेलं द्रव्य टाकायचं. रक्तात विरोधी अँटिबॉडी असतील तर काप सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो. शीलाबाईंचे सहकारी जेफ्री वॉकर त्यांच्या रोग्यांचे रक्तद्रव घेऊन डोनियाक यांच्याकडे गेले. या स्त्रियांचे नमुने लखलखले. पित्तनलिका तुंबलेल्यांचे लखलखले नाहीत. पेशीतल्या मायटोकाँड्रियावर या अँटिबॉडी चिकटत होत्या. १९६५ मध्ये निबंध आला. आजही साधारण शंभरातल्या पंचाण्णव रोग्यांत ही तपासणी होकारार्थी येते, आणि कितीतरी बायकांची पोटं विनाकारण उघडायची राहिली आहेत. आईला मिळाली ती याच तपासणीची आजची आवृत्ती. ती रोज घेते ती अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी नंतरची, बाईंची नव्हे. पण गोळी द्यायची कुणाला, हे आधी कळावं लागतं. तीन वर्षं खाजेला वय आणि मन ही कारणं ऐकलेल्या माझ्या आईला मी शीलाबाईंचा फोटो दाखवला. ती म्हातारी हुशार दिसते, एवढाच तिचा शेरा.

अशीच आणखी एक सूज, ज्यात शरीर यकृताच्या पेशींवरच उलटतं, तिच्यावर स्टिरॉइड द्यावं की नाही याबद्दल मतं होती. बाईंनी मतं बाजूला ठेवून रोग्यांचे दोन गट केले, एकाला औषध दिलं, एकाला नाही, आणि १९७१ मध्ये दाखवून दिलं की औषधाने जीव वाचतात.

विषाणूंकडे त्या सुरुवातीपासून लक्ष ठेवून होत्याच. १९६५ मध्ये अमेरिकेच्या बारूख ब्लुंबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते हेपटायटिस बी विषाणूचं आवरण निघालं आणि ब्लुंबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. ही तपासणी हाती येताच शीलाबाईंनी आपल्या जुन्या यकृतरोग्यांचं रक्त तपासलं. १९७० मध्ये त्यांच्या गटाने लॅन्सेटमध्ये कळवलं की दीर्घकाळ यकृत आजारी असलेल्या आणि पुढे यकृताचा कर्करोग झालेल्या रोग्यांत हे प्रथिन सापडतं आहे. रोगी थोडे होते, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं. पुढे तैवानमध्ये बावीस हजारांहून अधिक पुरुषांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. हा विषाणू अंगात असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून जास्त निघाला. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. भारतात ती देशभर सरकारी लसीकरणात आली ती २०११ मध्ये.

याचा अर्थ आपल्या बॅचच्या कुणालाही ती बाळपणी मिळालेली नाही. हा विषाणू पावसाळ्यातल्या पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, आणि डोळे कधीच पिवळे न होता तीस-तीस वर्षं अंगात राहू शकतो. शाळेच्या शिबिरात एकाच सुईने सगळ्यांना इंजेक्शनं टोचली जात ते दिवस आपल्यापैकी काहींना आठवत असतील. एका रक्ततपासणीत कळतं. स्नेहमेळाव्यात भेटल्यावर मी प्रत्येकाला विचारणार आहे, तयारीत राहा.

स्वभावाने शीलाबाई गरीब नव्हत्या. वॉर्डातल्या फेरीत कच्ची तयारी करून आलेल्या शिकाऊ डॉक्टरची त्या सर्वांदेखत हजेरी घेत. टेनिससुद्धा जिंकायलाच खेळत. आर्सेनल फुटबॉल क्लबवर त्यांचं प्रेम होतं. मात्र ज्याची हजेरी घेतली त्यालाच पुढे चांगली नोकरी मिळावी म्हणून धडपडतही त्याच. आपल्या शाळेतही अशा एक बाई होत्या. नाव लिहीत नाही, त्या हे वाचणार आहेत.

१९७८ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. १९८३ मध्ये नियमाप्रमाणे पासष्टाव्या वर्षी विभागप्रमुखपद सुटलं, पण रोगी पाहणं, शिकवणं आणि पुस्तकाचं काम सुरूच राहिलं. रॉयल सोसायटीने मात्र फार वाट पाहायला लावली. फेलो म्हणून त्यांची निवड झाली ती २००१ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी. तोवर फुप्फुसांच्या आजाराने त्यांना गाठलं होतं. लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबर २००१ रोजी, लंडनमध्ये त्या गेल्या. पुस्तकाची अकरावी आवृत्ती २००२ ची आहे. मुखपृष्ठावर शेरलॉक आणि डूली अशी दोन नावं आहेत.